डब्यातलं रुटाइल

१ एप्रिल, सकाळी साडेसात
पीएच.डी.चं सहावं वर्ष. मुदतवाढ दोनदा झाली. तीस तारखेपर्यंत थिसिस दिला नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द. घाबरण्यासारखं काही नाही, काम एकच उरलंय. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड एकच, पण तिचे स्फटिक वेगवेगळ्या घडणीचे. अ‍ॅनाटेज घडण मिळाली. शुद्ध रुटाइल तेवढं राहिलंय. सिनॉप्सिसमध्ये 'मिळाले' असं दोन वर्षांपूर्वीच लिहून दिलंय. माणसाला आत्मविश्वास पाहिजे.
संकल्प: लॅबच्या वहीत रोजच्या रोज नोंद. उद्यापासून.

३ एप्रिल
गिलावडा दोन प्लेट. चटणी जहाल. मग लॅब.
टेफ्लॉनच्या कपात द्रावण भरलं. आरती, माझी ज्युनियर, हिला प्रश्न फार. म्हणे, नितेशदादा, अ‍ॅसिड मोजून काहून नाही टाकत? मी म्हटलं, आमची माय भाजीत मीठ मोजते का? हाताले अंदाज पाहिजे.
तेवढ्यात हिवरखेडहून बाबांचा फोन. थिसिस केव्हा, हाच विषय. व्हरांड्यात जाऊन समजूत काढली. परत येऊन कप स्टीलच्या डब्यात बसवला आणि झाकण पाइप लावून आवळलं. मागच्या वेळी गळलं होतं ना. लॅबचे नत्थुजी म्हणाले, भाऊ, लय आवळून राहिले. त्यांना विज्ञान काय कळणार?
ओव्हन १८० अंश, चोवीस तास. वहीत उद्या लिहीन.

५ एप्रिल
डबा थंड झाला. झाकण उघडत नाही.

६ एप्रिल
अजूनही नाही. साधना मॅडमना, म्हणजे गाइडना, सांगितलं की शुद्ध रुटाइल तयार आहे, डब्यात आहे. यात खोटं काय? आत नाही, असं कोणी पाहिलंय का?

११ एप्रिल
बर्फ झाला, तेल झालं, नत्थुजी लोंबकळून झाले. डब्याला ढिम्म फरक नाही. विभागाबाहेर ४४ अंश, लॅबमध्ये त्याहून जास्त, पंखा गरम हवा फेकतो. जेवायला गेलो तरी डबा पिशवीत सोबत नेतो. कोणी उघडला तर?
आरतीचं म्हणणं, दुसऱ्या डब्यात नवं द्रावण लावा. जे तयार आहे ते पुन्हा कशाला करायचं? म्हणे, खिडकीत तुमचा एक भरलेला कप आहे. असेल, कप धुवायचं अ‍ॅसिड मी तिथंच भरून ठेवतो. दोन्ही कप सारखेच दिसतात. फेकू नको म्हटलं, बघतो नंतर.

१८ एप्रिल
पाचवं प्रकरण लिहून झालं. निष्कर्षही झाले. ऋणनिर्देश तीन पानं, आरती अकराव्या नंबरवर. आता फक्त डबा उघडायचा.
रात्री झोप लागत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. उघडण्याचीच.

२४ एप्रिल
एसटीनं अकोट. डबा मांडीवर. कापसाच्या जिनिंगमधले रऊफ मिस्त्री म्हणजे यंत्रांचे डॉक्टर. हंगाम संपला, म्हणून मोकळे. डबा फिरवून विचारलं, याच्यात हाय काय? म्हटलं, सहा वर्षं. त्यांनी कडेनं ठोकत ठोकत पंधरा मिनिटांत उघडला.
आत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. मिस्त्री म्हणाले, पानीच तं हाय. मी म्हणालो, नॅनो कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते म्हणाले, बरं.
परतीच्या एसटीत डोक्यात उजेड पडला. फोनच्या गडबडीत मी धुण्याच्या अ‍ॅसिडचा कप डब्यात आवळला होता. खरा कप खिडकीत.
आरतीला फोन केला. ती म्हणे, मी तं चार दिवसांआधीच पाहिला, तळाशी पांढरा गाळ होता. धुतला, वाळवला, एक्सरे तपासणी करून आणली. दादा, शुद्ध रुटाइल हाय.
एसटीत रडलो. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली दिली.

२५ एप्रिल
कप मी भरला, म्हणजे रुटाइल माझं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या थिसिसचं नाव हायड्रोथर्मल, आणि हे तर बंद डब्यातून ओव्हनमध्ये गेलंच नाही. पण ओव्हनशिवाय, नुसत्या अमरावतीच्या उन्हाळ्यात रुटाइल होत असेल, तर ते जास्त मोलाचं. समितीपुढे मी भांडते, खास मुदत मागते. फक्त कृती द्या. अ‍ॅसिड किती टाकलं होतं?
उद्या देतो म्हणालो.

२९ एप्रिल
लॅबच्या वहीत ३ एप्रिलचं पान कोरं. चार कप वेगवेगळ्या अंदाजानं भरून खिडकीत ठेवलेत. गाळ यायला आठवडे लागणार. आरतीला विचारलं. म्हणे, तुमीच तं मोजू नको म्हणून राहिले होते. शेवटी मायला फोन केला, भाजीत मीठ किती? म्हणे, सपाट चमचा, मोजून. अंदाजानं टाकलं तं खारट होते ना, बाबू.

३० एप्रिल, दुपारी साडेबारा
समितीची बैठक तीनला. मॅडमनी शेवटचं विचारलं, दुसऱ्या एखाद्या वहीत लिहून ठेवलंय का? नाही म्हणालो.
खोलीवर येऊन ही वही काढली. ३ एप्रिल. गिलावडा, दोन प्लेट. त्या दिवशी कप भरेपर्यंत मी मोजलेलं तेवढंच.