उजवी सीट

९ जून, ब्रॅकनेल

आज दुपारी क्रॉयडनहून इथे आले. कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांची एक पिशवी. हरिदासांचे दोस्त अवधूत भाऊजी स्टेशनवर घ्यायला आले होते. पिशवी उचलताच म्हणाले, वहिनी, यात विटा आहेत का, आणि तिचं वजन अंदाजाने सांगून टाकलं. घरी आल्यावर काट्यावर ठेवून बघितली तर जवळपास तेवढीच भरली, म्हणून स्वारी खूष. विमान बांधणाऱ्यांना ही खोडच लागते. माझे हरिदास तर पायमोजेसुद्धा वजन करून घालायचे.

घर छान आहे. मागे टोमॅटोची आठ-दहा रोपं, खिडकीत उन्हाची खुर्ची, बाजूला ते गॅरेज. हरिदास आणि भाऊजींनी नऊ वर्षं शनिवार-रविवार तिथे काढले. विमानाचे भाग खोक्यांमधून यायचे आणि हे दोघे ते जोडत बसायचे. शेजारी शेजारी दोन सीटचं विमान, आपल्या जुन्या फियाटएवढं. आसावरीताई त्याला सवत म्हणायच्या. शेवटी घटस्फोट घेतला आणि सवतीला घर देऊन पुण्याला परत गेल्या, असं भाऊजी स्वतःच हसत सांगतात.

आता विमान एअरफील्डवर आहे. गॅरेज रिकामं, पण रंगाचा वास तसाच. मला बरं वाटलं. सव्वा वर्षाने पहिल्यांदा कुणासाठी तरी पोहे केले.

१० जून

माझं काम असं. भाऊजी एकटे त्या विमानातून नॉर्वेच्या टोकाला जाणार, तिथून समुद्र ओलांडून स्वालबार्डच्या बेटांवर, आणि एक फेरी त्याच्याही वर, गोठलेल्या समुद्रावरून. तिथे हरिदासांची राख सोडायची. दोघांचा तसा करार होता. राख मी त्यांच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात आणली आहे. विमानातलं एक यंत्र दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवतं आणि इथल्या टॅबलेटवर नकाशात ठिपका उमटतो. छोटे निरोपही पाठवता येतात. विमान हवेत असेपर्यंत मी ठिपका बघायचा आणि विमान उतरलं की लिहून ठेवायचं.

वॉटफर्डहून ऋजुता आली होती, भाऊजींची मुलगी. ती बापाशी बोलत नव्हती, माझ्याशी बोलत होती, पण त्याला ऐकू जाईल असं. फ्रिजवर तिने बचाव केंद्राचा नंबर चिकटवला आणि म्हणाली, "काकू, अर्धा तास ठिपका आला नाही की फोन करायचा. थोडं थांबून बघू असं नाही. त्या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. बाबांचं नाही ऐकायचं, माझं ऐकायचं."

मी हो म्हटलं.

१२ जून

भाऊजी गेले. उजव्या सीटवर पेट्रोलची जादा टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली आहे. तिच्याशिवाय तो समुद्र पार होत नाही. टाकीमागे डबा. भाऊजी म्हणाले, हरी, आज तू मागच्या बाकावर.

त्या उजव्या सीटवर मी कधी बसले नाही. एकदा बस, एकदा बस, असं हरिदास दर उन्हाळ्यात म्हणायचे. मी म्हणायचे, हातातलं पुस्तक संपलं की बसते. आणि एक संपलं की दुसरं घ्यायचे. तेच म्हणायचे मग, बाईला मीच वाचायला लावलं, माझीच चूक. सातवीत शाळा सुटलेली मी. नागपुरात लग्न झाल्यावर त्यांनी पहिल्याच महिन्यात वाचनालयाचं कार्ड काढून दिलं होतं. रोज कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, काय वाचतेयस?

गेल्या वर्षी मार्च महिन्यात ऑफिसच्या जिन्यात गेले. तेव्हापासून कुणी विचारत नाही.

१५ जून

ठिपका नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकतोय. टोमॅटोंना काठ्या लावल्या. इथल्या लायब्ररीतून बर्फावरचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. समुद्राचं पाणी गोठताना आधी तेलकट दिसतं, मग त्याच्या चकत्या होतात, असं त्यात आहे. जेवताना वाचते.

१८ जून

भाऊजी स्वालबार्डला पोहोचले. तिथे आता रात्र होत नाही. निरोप आला की सूर्य ट्यूबलाइटसारखा चालूच आहे, बटण सापडत नाही.

१९ जून

गोठलेल्या समुद्रावरची फेरी झाली. खिडकीच्या झडपेतून नळीने राख सोडायची होती. दुपारी निरोप आला: "वहिनी, हरी उतरायला तयार नाही."

मी एकटीच हसले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. डब्याचं झाकण निघालंच नाही म्हणाले. थंडीने धरलं असेल. उद्या गरम पाण्यात धरून बघतो म्हणाले.

२० जून

भाऊजींचा फोन. आवाज वेगळा होता. काल परत येताना विमान जड वाटत होतं, जवळजवळ पूर्ण धावपट्टी लागली उतरायला. म्हणून त्यांनी सगळं सामान काढून पुन्हा वजन केलं. टाकी बरोबर. कपडे बरोबर. डबा एका हाताने उचलेना. हँगरमधल्या काट्यावर एकोणसत्तर किलो भरला. काटा बदलला, तेवढाच.

हरिदास एकोणसत्तर होते. विमानाच्या हिशेबात तो आकडा नऊ वर्षं होता. भाऊजींना पाठ, मलाही पाठ.

मी म्हटलं, काटे थंडीने बिघडले असतील. आत्मा वगैरे काही नसतं. हे हरिदासांनीच मला समजावून सांगितलं होतं, भर विहारात चारचौघींसमोर. माझ्या सासूबाईंना ते पटलं नव्हतं. मला पटलं होतं. अजून पटतं.

भाऊजी म्हणाले, झोप येत नाही इथे, उजेड बंद होत नाही.

२१ जून

सकाळी निरोप: "टाकी काढली. हरीला अडचण होत होती."

मी दोनदा वाचला. टाकी काढली म्हणजे समुद्र पार होणार नाही. लगेच फोन लावला, उचलला नाही. ऋजुताला कळवलं. तिने तिथल्या विमानतळावर फोन केला. विमान जागेवर आहे म्हणाले, टाकी भिंतीशी ठेवली आहे. ते भाऊजींशी बोलले, आणि भाऊजी चांगले बोलले त्यांच्याशी. टाकी उद्या पुन्हा बसवतो म्हणाले.

ऋजुता म्हणाली, काकू, टॅबलेटपासून हलू नका.

पुस्तक अर्ध्याच्या वर झालंय.

२२ जून

ते निघाले. ठिपका समुद्रावर आहे. विमानतळाने ऋजुताला सांगितलं, टाकी अजून भिंतीशीच आहे. तिने त्यांना विमान परत बोलवायला सांगितलं. ते रेडिओवर बोलावतायत. उत्तर नाही.

ठिपका आला.

ठिपका आला.

ठिपका आला नाही. घड्याळ समोर ठेवलंय. फ्रिजवरचा नंबर फोनवर दाबून ठेवलाय, फक्त लावायचा आहे.

अर्धा तास झाला तेव्हाच टॅबलेट वाजला.

"काय वाचतेयस?"

भाऊजी मला वहिनी म्हणतात. तुम्ही म्हणतात. वीस वर्षांत एकदाही—

मी लिहिलं, बर्फावरचं पुस्तक.

"चांगलं आहे?"

मी लिहिलं, हो. मी लिहिलं, तुम्ही कुठे आहात.

"किती पानं राहिली?"

एवढ्यात बचाव केंद्राचाच फोन आला. कुणी बाई होती, शांत, हळू बोलणारी. नोंदीत माझं नाव होतं. तिने विचारलं, विमानाशी तुमचा संपर्क आहे का. मी म्हटलं आहे. आत्ताच निरोप आला. ती म्हणाली, म्हणजे वैमानिक ठीक आहे? मी म्हटलं, दोघेही ठीक आहेत. ती म्हणाली, आमच्याकडे एकच माणूस लिहिलाय. मी म्हटलं, हो, एकच.

ती म्हणाली, मग हेलिकॉप्टर थांबवते, काही झालं तर कळवा. मी बरं म्हटलं.

ठिपका नव्हता. निरोप येत होते. मी उत्तरं देत होते. ऋजुताचा फोन वाजत होता, तो उलटा ठेवला.

२३ जून

विमान सापडलं. एका मासेमारी बोटीला दिसलं, बर्फाच्या कडेला, अर्धं पाण्यात. भाऊजी पंखावर चढून बसलेले होते. तसेच गोठलेले. यंत्र फुटलेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही तास जिवंत होते.

डबा नाही सापडला. उजव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

ऋजुताने एवढंच विचारलं, "काकू, तुम्ही बचाव केंद्राला काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. मग तिने फोन ठेवला.

टोमॅटोंना पाणी घातलं. एक लाल झालाय. रडू येत नाही. हात-पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे चालतात.

दुपारी टॅबलेट वाजला. ठिपका. शेटलंड बेटांच्या वर, समुद्रावर. खाली सरकतोय.

यंत्र फुटलंय. विमान बोटीवर बांधलंय, ऋजुताने फोटो पाठवलाय.

ठिपका आला.

२४ जून

स्कॉटलंड संपलं. ऋजुताला सांगितलं नाही. काय सांगू.

"डावीकडे मी बसलोय. अवधूतला उतरवलं. उजवी सीट तुझी."

मी उत्तर दिलं नाही. टॅबलेट बंद केला. बंदच आहे. वाजतोय.

"शाल घे. वर थंडी असते."

सकाळ, उजेड आहे. शेजारचे गाडी धुतायत. त्यांना काही ऐकू येत नाहीये का— ते वरसुद्धा बघत नाहीत—

एअरफील्डकडे नाही गेला. ठिपका सरळ इकडे. घरावर.

गॅरेजमध्ये इंजिन. सगळं घर थरथरतंय, कपबशा. शटर मी उघडलं नव्हतं. रंगाचा वास—

"पुस्तक संपलं का?"

नाही. नाही संपलं. मी थांबवलंय. शेवटचं पान वाचलेलं नाही, वाचणार नाही, एका हाताने मिटून धरलंय, दुसऱ्या हाताने हे लिहि—

बूट काढल्याचा आवाज. एक. दुसरा.

पुस्तक उघडं आहे. मी उघडलं नाही. मी बघत नाहीये, पण ओळी— समुद्र शेवटी— मोठ्याने कोणीतरी वाचतंय, माझ्याच— चार ओळी राहिल्या— ती—