एक वाजेपर्यंत जवस

१४ जुलै
मुलाच्या नव्या घरी आले. लिहितेय सून, लेयना. मला अक्षर येत नाही; बोलायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. मागच्या दाराशीच गव्हाचं शेत. नातू महिन्याचा, पण रडणं पाद्रीबाबांच्या प्रवचनाएवढं लांब. लेयना हसली. तेही लिही म्हटलं.

१९ जुलै
माझा मुलगा मेर्चिन खाणीवर गेला. लेयना शहरातली, तिला सांगून ठेवलं: बारा ते एक शेतात थांबायचं नाही. तेव्हा दुपारची बाई फिरते, पांढऱ्या झग्यात, हातात विळा. जवसाचं विचारते, पेरणीपासून त्याच्या धाग्याच्या कापडापर्यंत. एकची घंटा होईपर्यंत बोलत राहिलं तर सोडते; अडखळलं, की मान गेली. तान्ही मुलं दिसली तर उचलून नेते. लेयना म्हणाली, आई, तुम्ही तिलाच दमवाल.

२६ जुलै
पाऊस येईल म्हणून लेयना बारानंतरही पेंढ्या बांधत राहिली. बाई आलीच. जवस कधी पेरतात, विचारलं. हिला जन्मभर दुकानातलं सुती कापड माहीत. म्हणाली, "मला नाही येत. घरी सासूबाई आहेत, त्यांना विचारा."
किती सभ्य सून. घरही दाखवलंन. बाळाचं बोलली नाही, एवढं नशीब. मान वाचली, पण आता तापानं फणफणलीय.

२७ जुलै
बाराला बाई उंबऱ्यात. बाळ आत, लेयनाच्या कुशीत, पाजून निजवलेलं. मी पेरणी सांगितली, निंदणी, उपटणी. घंटा झाली. जाताना म्हणाली, "उद्या पुढचं."
सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं तिला चालत नाही. म्हणून लेयना पडल्या पडल्या लिहून ठेवते.

२९ जुलै
कुजवणं, कुटणं, विंचरणं, कातणं – संपत आलं सगळं. घसा बसलाय. मेर्चिनला निरोप धाडलाय, पत्ता नाही. लेयनाला उठवत नाही. तिला टाकून बाळाला नेऊ कशी –

३१ जुलै
आलीय. लिही, लेयना.
विणलं. उन्हात घालून पांढरं केलं. मग? विचारतेय. मग सदरा शिवला. मग? नवऱ्यानं घातला. कोपरात फाटला, ठिगळ लावलं. मग? धुऊन धुऊन मऊ झाला –
घंटा का होत नाही –
मग? मग फाडला. चांगला भाग काढून दुपटी –
नको, लेयना, हे नको लिहूस –
ती आत बघतेय. विचारतेय, दुपटी कुणाला –