कॅप्टन रिव्हेटची कातडी

सोमवार, ७ मार्च १९६६

नोकरी लागली! एकोणीस वर्षं पॅटर्सन गावातल्या शाळेत फिजिक्स शिकवलं. त्यातली निम्मी पोरं बाकाखाली कॉमिक्स वाचत असायची, आणि आता मीच त्या कॉमिक्सच्या कचेरीत बसणार. एस्टेल म्हणाली, मॉर्टी, तुझ्या जुन्या पोरांना कळलं ना, तर पोट धरधरून हसतील. हसू देत. सकाळचं इन्शुलिन टोचून घेतलं (वीस वर्षं रोज टोचतोय, आता दात घासण्यासारखंच झालंय) आणि शीळ घालत बस पकडली.

कचेरी ब्रॉडवेच्या मागच्या गल्लीत, बटणांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला. संपादक इर्व्ह झेल्निक जेवतानाही हॅट काढत नाही. माझं काम म्हणजे वाचकांच्या पत्रांचं पान. पोरं पत्रं लिहून चुका काढतात. ती चूक कबूल करायची नाही, तिच्याखाली असं पक्कं विज्ञान सरकवायचं की ती चूकच राहू नये. इर्व्हनं पहिल्याच तासाला बजावलं, मास्तर, इथे छापलं ते खरं, माफी मागणारं मासिक कुणी विकत घेत नाही. हा तर माझ्या आवडीचा उद्योग. माझं कधी चुकल्याचं एस्टेललाही आठवत नाही, निदान ती तसं बोलून दाखवत नाही.

चित्रकार गस पेट्राकिस भलता आळशी. समोर दिसेल त्याचा चेहरा उचलतो. आतापर्यंत आमचा नायक, ब्रुकलिनच्या गोदीतला कॅप्टन रिव्हेट, लिफ्टवाल्यासारखा दिसायचा. आज गसनं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं की पुढच्या अंकापासून हनुवटी माझी. बेचाळिसाव्या वर्षी नायक झालो! घरी येऊन तीनदा आरशात पाहिलं.

मंगळवार, २२ मार्च

पहिलं मोठं पत्र. डुलुथची रॉबर्टा लिंडक्विस्ट, वय अकरा, विचारते की कॅप्टनच्या कातडीवरून गोळी उडते, मग तीच कातडी हस्तांदोलनाला मऊ कशी?

काय पोरगी आहे! मी डब्यातून कॉर्नफ्लोअर नेलं आणि कचेरीच्या वाडग्यात पाण्यात घट्ट कालवलं. त्यात बोट हळू घातलं तर दुधात घातल्यासारखं जातं, बुक्की मारली तर दगड. जोराचा दाब आला की आतले कण एकमेकांना अडकतात, तिथल्या तिथे भिंत उभी राहते. कॅप्टनची कातडी अशीच, असं लिहून टाकलं. गसनं सात बुक्क्या मारल्या. इर्व्हनं आठवी मारली आणि टायवर उडालेलं पीठ झटकत म्हणाला, मास्तर, तू इथेच मरायचंस, तुला सोडत नाही.

पत्रांचं पान सगळ्यात शेवटी छापखान्यात जातं, तरी स्टॉलवर यायला सहासात आठवडे लागतात.

मंगळवार, १० मे

अंक आला! स्टॉलवर माझी हनुवटी, माझं उत्तर. पाच प्रती घेतल्या.

एक गंमत. बसला निघण्याआधी मांडीत सुई टोचायला गेलो, तर ती आत जाईना. कातडीनं चक्क परत ढकलली. हळूहळू दाबली तेव्हा गेली. अगदी वाडग्यातल्या कॉर्नफ्लोअरसारखी! एस्टेलला सांगितलं तर ती म्हणाली, औषधाचं दुकान बदल, सुया बोथट देतोय मेला.

मंगळवार, २४ मे

रॉबर्टा पुन्हा. हळू दाबलं की आत जातं ना, मग खलनायकानं सुरी हळूच खुपसली तर कॅप्टन मरेल की!

इर्व्ह भडकला. अकरा वर्षांच्या पोरीनं माझा हिरो मारला, म्हणे. बुजव ते भोक!

बुजवलं. तांब्याची तार वाकवत राहिलं की कडक होत जाते, पत्रा ठोकत राहिलं की कडक होतो. कॅप्टनची कातडीही तशीच. प्रत्येक घावानं आणखी घट्ट होते, आणि पुन्हा सैल होत नाही. झकास जमलं. दुकान बदललं, पण सुईला अजून जोर लावावा लागतोय. उन्हाळ्यानं असेल.

मंगळवार, ५ जुलै

नवा अंक स्टॉलवर. सुई वाकली. दुसरीही वाकली. तिसरी पोटात कशीबशी गेली. अंक घेतला नाही.

शुक्रवार, ८ जुलै

जिथे एकदा टोचलं तिथे पुन्हा सुई जात नाही. डॉक्टर वाइन्ट्रॉबनं चार सुया मोडल्या आणि विचारलं की सर्कशीत काम करता काय. मी हसलो नाही. प्रत्येक घावानं आणखी घट्ट — हे वाक्य माझं आहे, आणि कॅप्टनची हनुवटीही. टायपरायटरवर मी बडवलंय.

मी घाबरलोय. इथे लिहून ठेवतो, एस्टेलसमोर बोलत नाही.

गुरुवार, १४ जुलै

इर्व्हच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. चुकलं म्हणून छाप, म्हटलं. त्यानं माझी मांडी दाबून पाहिली, हात झटकन मागे घेतला आणि हॅट काढली. मग म्हणाला की ऑगस्टचं पान कधीच गेलं, छपाई सुरू आहे. जूनमध्ये मी एस्टेलबरोबर आठवडाभर समुद्रावर होतो, तेव्हा गसनं विचारलं होतं की असल्या कातडीत कॅप्टन श्वास कसा घेतो. तुझा भार हलका करावा म्हणून मीच उत्तर लिहिलं रे, इर्व्ह म्हणाला. गसनं रडवेल्या तोंडानं सांगितलं, तो हनुवटी बदलेल, पण नोव्हेंबरपर्यंतची पानं काढून झालीत.

इर्व्हचं उत्तर वाचलं. कॅप्टनला श्वास लागत नाही. अन्न लागत नाही. त्याच्या हृदयाला ठोक्यांची गरज नाही. कॅप्टन मरत नाही.

विज्ञान कवडीचं नाही! पहिल्यांदा त्याचाच राग आला. मग उजेड पडला. अंक ९ ऑगस्टला येतोय. तोवर तगलो तर इन्शुलिनची गरजच संपली. घरी येऊन एस्टेलला सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून रडली, मग म्हणाली, सव्वीस दिवस ना, काढू.

बुधवार, २७ जुलै

सुई टोचायला आता फक्त हिरडी उरली. ब्रेड बंद, उकडलेली अंडी आणि पाणी. कपडे ढगळ झालेत. तहान — घागरी रिकाम्या केल्या तरी तहान. एस्टेल कॅलेंडरवर फुल्या मारते.

बुधवार, ३ ऑगस्ट

हिरडीही गेली. सहा दिवस.

मंगळवार, ९ ऑगस्ट

आला! एस्टेलनं धावत जाऊन आणला. दहाच्या सुमारास तहान गेली. मग लक्षात आलं, मी श्वास घेत नाहीये. छातीवर कान ठेवून ती म्हणाली, मॉर्टी, आत काहीच वाजत नाही रे — आणि हसत सुटली. दोघं स्वयंपाकघरात नाचलो.

गुरुवार, ११ ऑगस्ट

कोपर वाकत नाही. कुणी मारलं नाही, कुठे आपटलं नाही.

तार ठोकली नाही तरी कडक होते. नुसती वाकवली तरी. मीच लिहिलं होतं. मी चाललो, बसलो — नाचलो —

शनिवार, १३ ऑगस्ट

खुर्चीत बसलोय, तो बसलोय. गुडघे गेले. बोललो की जबडा. नाही बोललो तरी — एकदा कडक झालं ते मागे फिरत नाही. एस्टेल म्हणते, हलू नकोस राजा, अजिबात हलू नकोस. तिच्यासाठी लिहितो. बोटं अजून —

रविवार, १४

ओठ गेले. ठरवलंय — ती विचारेल, आहेस ना, मी पापणी मिटायची. तिचा भाऊ आलाय. दारातूनच म्हणाला, ताई, अगं हा गार पडलाय. ती किंचाळली, तो बघतोय, त्यानं आत्ताच पापणी मिटली!

पापणीही कातडीच.

सोमवार

वाइन्ट्रॉब आला. नाकापुढे आरसा. नाडी. मान हलवली. भाऊ रॅबायला फोन करतोय, आमच्या ज्यूंमध्ये प्रेत दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत. एस्टेल गुडघे टेकून विचारतेय आहेस ना, आहेस ना. डावी पापणी अर्ध्यात —

मी आहे हे तिलाही खरं वाटेनासं झालंय. पाहिलं मी.

दोन बोटं. पेन्सिल त्यातच —

एस्टेल आरसा खोटा आहे मी ऐकतोय सगळं ऐकतोय त्यांना थांबव पेटी नको माती नको किती वर्षं गेली तरी मी आत जागाच एस्टेल मी मर