खिशातले हात

प्रिय मावशी,

ऑपरेशन नीट पार पडल्याचं दादानं कळवलं. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरतेस आणि डॉक्टरांनाच सूचना देतेस म्हणे. म्हणजे काळजीचं कारण नाही.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात काम वाढलंय, आता रविवारीही जाते. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, कारण रविवार वृद्धाश्रमाचा, ही सवय तूच लावलेली. नुसते पैसे देऊन मोकळे होणारे लोक आपल्या घरात 'खिशातले हात'. काका देणगीची पावती दाखवायला आले की तू विचारायचीस, "भावजी, हात गारठलेत का? बाहेर काढा की जरा." आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. मोठेपणी काय वाटेल ते होऊ, पण खिशातला हात व्हायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून वर्षभर आश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या पायाची नखं कापली. मन लावून कापली, पण मला ते नीट येत नव्हतं. एका आजोबांच्या अंगठ्याला नेलकटर लागलं. त्यांना मधुमेह, जखम चिघळत गेली. आयुष्यभर ड्रायव्हरकी केलेला माणूस; मलाच म्हणाले, "असू दे गं, गाडी शिकताना एखादं कुंपण पडतंच." माझी मात्र झोप उडाली. त्यानंतर मी रविवारी दुकानात जादा काम घेतलं. त्या पैशांतून पायांची निगा राखायला शिकलेली नर्स आश्रमात येऊ लागली. परवा बघून आले. आजोबा बूट घालून फाटकापर्यंत चालत आले होते. मी का येत नाही, हे मात्र तिथं कुणीच विचारलं नाही. ते जरा लागलं. माझे रविवार थोडे माझ्यासाठीही होते, हे तेव्हा कळलं.

दादाचं म्हणणं, मी रजा काढून तुझ्याकडे यावं. मी एक बाई बघून ठेवली आहे. उठवणं, आंघोळ, व्यायाम, सगळं तिला येतं. पण मी बिनपगारी रजा घेतली तर तिचे पैसे निघणार नाहीत, म्हणजे ती किंवा मी. मला तर तुला धरून चालवायचीही भीती वाटते. सगळं पटतंय, तरी तिला अजून 'या' म्हटलेलं नाही. आजोबांना मी कधी विचारलंच नव्हतं, नखं कापायच्या आधी नाही आणि नर्स पाठवायच्या आधीही नाही. तुला विचारते. तुला बाई हवी की मी? माझं मन राखायला जाऊ नकोस. बाई म्हणालीस तर हात खिशात घालून बसेन, आणि तू खुशाल चिडव.

उत्तराची वाट बघत,
तुझीच,
शंकासूर