भरलेली बाटली

मंगळवार, संध्याकाळ. कंधार

आमच्या लव्हबर्डच्या जोडीतली निळी मादी आज गेली. चूक माझीच. वाटीत घाण करतात म्हणून लातूरला लग्नाला जाताना मी पिंजऱ्यातली पाण्याची मातीची वाटी काढून नवी नळीची बाटली लावली.

"वाटी बी राहू दे गं, त्यायला सवय न्हाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. ऐकलं का मी?

दोन दिवसांनी आले, तर बाटली गच्च भरलेली. चोचीने दाबली की पाणी सोडणारी नळीच्या टोकाची गोळी अडकली होती. एकदा तरी दाबून बघायचं ना! सासूबाईंना काय कळणार, बाटली भरलेलीच दिसत होती.

वाटी ठेवल्यावर नर कितीतरी वेळ पीत राहिला.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हात धू, जेवून घे." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.