ओट्यासमोरून एकटा

बाबा, जथ्यानं सायकल चालवायचे तुमचे नियम मला आजही पाठ आहेत. सर्वांत हळू चालवणारा माणूस सर्वांत पुढे. लोकांना वाटतं त्याला मागे ठेवावं, पण मागचा माणूस सारखा गाठतच राहतो आणि दुप्पट दमतो. म्हणून ते दम्याचे काका पुढे, आणि बाकी सगळी आपली माणसं, नागपूर-भंडाऱ्याकडून येऊन इथं गढ्याच्या वस्तीत स्थिरावलेली, त्यांच्या चालीनं मागे. घंटी वाजवायची ती पुढच्यानंच. सगळ्यांनी वाजवली तर वरात वाटते. कोणाची चेन पडली की सगळ्यांनी खाली उतरायचं. एक पाय टेकवून, एक पेडलवर ठेवून उभं राहायचं नाही. मी एकदा तसा उभा होतो, तेव्हा भर रस्त्यात तुम्ही मला सुनावलं होतं, "उतर खाली. असा उभा राहते म्हणजे त्या माणसाले आटप-आटप म्हणून राहिला तू." एकट्याचे नियम निराळे. ओळखीच्या वडील माणसाला मागे टाकायचं असेल तर घंटी नाही. उजवीकडून बरोबरीला यायचं, "येतो काका" म्हणायचं, आणि ते "हो बाप्पा, जा" म्हणाल्याशिवाय पुढे काढायची नाही. एकट्यानं गात जायचं नाही. एकट्यानं पंप जवळ ठेवायचा, कारण जथ्याला एक पुरतो, पण एकट्याला कोणी देत नाही.

मला जथा आवडत नसे. हे तुम्हाला माहीत होतं. फॅक्टरीचा भोंगा साऱ्यांचा एकच, त्यामुळे मशीन शॉपमध्ये लागल्यापासून मीही त्या दम्याच्या काकांच्या मागे रांगत होतो. पायांत जोर होता, सायकल मी स्वतः बसवलेली होती, दोन्ही चाकांत कुठं केसाइतकी लहर, म्हणजे डगमग, नव्हती, आणि पुढे काकांचा शर्ट आणि त्यांची शिट्टीसारखी धाप. रेल्वेचं फाटक लागलं की मी मनातल्या मनात सगळ्यांना मागे टाकून निघून जायचो. प्रत्यक्षात तुमच्या शेजारी उभा राहून त्या काकांचं, त्यांच्या जावयानं हुंड्यात मागितलेल्या रेडिओचं ऐकत राहायचो. "रेडिओ मांगते न् नळाले पाणी नाही घरात," ते म्हणायचे, आणि सारे जण असे हसायचे जसे काही काल हे ऐकलंच नव्हतं.

ड्रॉइंग मी त्याच काळात शिकलो, आणि मला ते कोणी शिकवलं नाही. हे मी आजही सांगतो, विचारलं नाही तरी. सराफा बाजारामागच्या रद्दीवाल्याकडून मिळालेली दोन जुनी पुस्तकं, त्यांतल्या एकाला सुरुवातीची पानंच नव्हती. शॉपमध्ये मशीनवर टांगलेले निळे नकाशे. आणि स्वयंपाकघराची शहाबादी फरशी. माय चुलीपाशी असायची, मी तिच्या मागे खडूनं फरशीवर एका पुलीची तीन बाजूंनी दिसणारी चित्रं काढायचो. ती पाणी सांडायची. "पुसलं ना माय!" मी ओरडायचो. "मंग दुसरं काढ. तुझं चाक कुठं पळून जाते?" तिचं बरोबर होतं. पुसलं गेल्यानंच हात बसला. पुढे ड्रॉइंग ऑफिससाठी परीक्षा झाली तेव्हा माझी रेघ पाहून तिथल्या हेड साहेबांनी विचारलं, कौन से कॉलेज से हो. मी म्हणालो, घर से.

पोस्ट मिळाल्याचं मी त्याच स्वयंपाकघरात सांगितलं. तुम्ही जेवत होता. ऑफिसची वेळ निराळी, भोंग्यानंतरची, तेव्हा उद्यापासून मी एकटा जाईन, हे सांगताना माझ्या आवाजात जरा जास्तच आनंद होता. मायच्या ते लक्षात आलं. तुम्ही हात धुतला, बाहेर गेलात, आणि तुमच्या सायकलचा पंप आणून माझ्यापुढे ठेवलात. मग पहिल्यांदाच जथ्याचं कारण सांगितलं. तुमच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यापुढून आपल्या जातीच्या माणसानं सायकलवर बसून जायचं नसे. उतरायचं, हँडल धरून चालत जायचं, कोपरा वळला की पुन्हा बसायचं. तुम्ही पोरवयात रोज दोनदा उतरलात. मग इकडे आलात, राज्यं बदलली, गाव महाराष्ट्रात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. "इथं कोणी उतर म्हटलं नाही कधी," तुम्ही म्हणालात, "पण म्हणणार नाही याची हमी कोण देते? एकट्याले म्हणू शकते. दहाजणाले कोण म्हणन?" मग माझ्याकडे पाहून हसलात. "तू आता साहेब लोकांत. तुले कोण म्हणते? जा एकटा, खुशाल जा."

बाबा, ही गोष्ट तुम्ही आदल्या दिवशी सांगायला नको होती. किंवा फार आधी सांगायला हवी होती.

आपल्या गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे उतरताना डाव्या हाताला तो उंच ओटा होता. जुनं घर, दारावर पितळेच्या फुल्या, आणि ओट्यावर सकाळी दोन-तीन म्हातारे दातण करत, पेपर वाचत बसलेले. जथ्यातून त्याच्यापुढून मी वर्षानुवर्षं गेलो होतो आणि त्यांच्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. त्या पहिल्या सकाळी, इस्त्रीचा शर्ट, फ्रेमला पंप, रस्ता मोकळा, पुढे कोणाची पाठ नाही. मी उतारावर सायकल सोडली, ओटा आला, आणि मी खाली उतरलो. कोणी काही बोललं नाही. कोणी मान वर केली नाही. मीच उतरलो. आणि मग उतरलोच आहोत म्हणून खाली वाकलो आणि चेन पडल्यासारखी चाचपू लागलो. अंगठ्याला ग्रीस लागलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीपर्यंत चालत गेलो, तिथं बसलो, आणि फॅक्टरीपर्यंत अशी सायकल हाणली की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय ऐट आहे.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज नाही. पुन्हा उतरलो. तिसऱ्या दिवशीही. जो माणूस रोज चेन चाचपतो त्याची चेन खरोखर वाईट असायला हवी, नाहीतर तो वेडा ठरतो. म्हणून मी, ज्याच्या चाकात लहर नव्हती तो मी, मागचं चाक जरा पुढे सरकवून चेन मुद्दाम ढिली केली. एक चूक झाली ती मला फार नंतर समजली आणि तिची मला जास्त लाज वाटते. चेन पडते ती चढावर, जोर लावताना. उतारावर, पाय थांबलेले असताना, कोणाची चेन पडते? ओट्यावरच्या लोकांना हे कळत नव्हतं एवढंच माझं नशीब. त्यांतला एक म्हातारा तर एकदा काठी टेकत खाली आला. "क्या भैया, आज फिर गिर गई? लाओ, हम पकड़ लेते हैं, तुम चढ़ा लो." त्यानं माझी सीट धरली, मी न पडलेली चेन चढवली, आणि त्याला धन्यवाद दिले. त्यानंतर तर न उतरणं आणखी अवघड झालं. आता तो वाट पाहायचा. ऑफिसात हेड साहेब माझा अंगठा पाहून म्हणायचे, ट्रेसिंग को हाथ मत लगाना, पहले साबुन. आणि तुम्ही जथ्यात सांगत होता, "आमचा आता एकटा जाते. कोणाच्या बापाले ऐकत नाही." काकांनी मला ते सांगितलं, कौतुकानं. मी परत जथ्यात येऊ शकत नव्हतो, कारण वेळ निराळी. तुम्हाला सांगू शकत नव्हतो, कारण ते वाक्य तुम्ही फाटकावर रोज म्हणत होता. आणि त्या ओट्याला टाळून मोठ्या रस्त्यावर जायला दुसरी वाटच नव्हती.

रविवारी तुम्ही साऱ्यांच्या सायकली आवळून द्यायचात. माझीही. चेन तुम्ही रविवारी कसायचात, मी सोमवारी पहाटे पुन्हा ढिली करायचो. कितीतरी महिने हे चाललं. तुम्ही एकदाही विचारलं नाही की ही चेन एका आठवड्यात इतकी सैल कशी होते. आयुष्य यंत्रांत गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नसेल, हे मी तेव्हा मानलं, कारण मला ते मानायचं होतं.

मग तुम्ही रिटायर झालात आणि एकदा डोळे दाखवायला दवाखान्यात जायचं म्हणून माझ्यासंगं निघालात. रिक्षा नको, सायकलच पाहिजे. नियमानं हळू चालवणारा पुढे, म्हणून तुम्ही पुढे, मी मागे. उताराचं तोंड आलं. दोघांना जथा म्हणायचं की नाही, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही पेडल मारत राहिलात, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी मान ताठ, आणि वडील माणूस पुढे बसून चालला असताना मागच्यानं उतरायचं कसं? मीही गेलो. म्हाताऱ्यानं ओट्यावरून हात वर केला. चक्कीशी तुम्ही थांबलात, खाली उतरलात, मीही उतरलो, दोन्ही पाय जमिनीवर. तुम्ही वाकून माझ्या चेनखाली बोट घालून ती वर उचललीत, सोडलीत, आणि बोट धोतराला पुसत म्हणालात, "आता मी नाही कसत रविवारी. तुझी तू कसजो." एवढंच. मग दवाखान्यापर्यंत डोळ्यांच्या थेंबांचं बोललात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला वाटलं होतं की आता सुटलो. पण दुसऱ्या दिवशी एकटा निघालो आणि ओटा आल्यावर उतरलो, आणि आता उतरताना तुम्हाला ते माहीत आहे हेही सोबत होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी विहारातून परतलेली माणसं अंगणात बसली होती आणि दम्याचे काका, तुमच्यानंतरही पुढेच चालणारे, मला म्हणाले, "तुझ्या बापानं तुझी लय फुशारकी मारली रे." मी मान हलवली.

त्यानंतर ते म्हातारे एकेक करून संपले. त्यांची नातवंडं ओट्यावर बसत नाहीत, आत टीव्ही पाहतात. फॅक्टरीचे लोक स्कूटरवर जातात आणि मला म्हणतात, भाई साहब, अब तो ले लो. मी म्हणतो, घेईन. रिकाम्या ओट्यापुढे मी उतरत राहिलो. सवय म्हणा. मी सवय म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात रस्ता रुंद करायला म्हणून तो ओटा पाडला. विटा, माती, पितळेच्या फुल्यांचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. आज सकाळी मी तिथून बसून गेलो. उतरलो नाही. हे तुम्हाला सांगावं म्हणून संध्याकाळी आल्या आल्या लिहायला बसलो, आणि इतकं लिहून झाल्यावर आता दिसतं की हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, आणि पाठवता आले असते तरी मी पाठवले नसते. कारण तुम्ही नक्की विचारलं असतं, कसा गेला? आणि मला सांगावं लागलं असतं की त्या साऱ्या उतारावर, विटांच्या ढिगापासून चक्कीपर्यंत, माझे दोन्ही ब्रेक दाबलेले होते.