बिशपांची मोहर

लातूर, १२ जून १९९५
मुखेडहून दुपारच्या एसटीनं आलो. विरूपाक्ष सरांच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी पक्की झाली. खोली हवेशीर आहे. खिडकीतून पोरांच्या सायकलींची रांगच रांग दिसते. मेसच्या वरणालाही चव आहे. लई खूश आहे मी.

१९ जून
सराव परीक्षेच्या पाकिटांना लाख लावायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं. मोहर हवी म्हणून गंजगोलाईच्या बाजारात शिक्के बनवणाऱ्या जिलानीचाचांकडं गेलो. त्यांनी एक जुनी पितळी मोहर काढून दिली. हस्तिदंती मूठ, तळाला क्रूस, वर रुंद टोपी, दोन्ही बाजूंना गोंडे. हैदराबादेकडच्या कुणा कॅथलिक बिशपांची, मोडीत आलेली. लाखेवर ठसा फार सुरेख उठतो.

२ जुलै
अक्षरासाठी शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र लिहिलं. ही आमच्याच क्लासची विद्यार्थिनी. त्र्याण्णवच्या भूकंपात आईसोबत ढिगाऱ्याखाली अडकली होती. हाका मारत राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी सापडली. तोवर आई गेली. पहिल्या दिवशी कुणीतरी दगडापाशी येऊन थांबलं आणि निघून गेलं, असंही तिनं सांगितलं. मी गावाचं नाव विचारलं. मग पेन पुढं सरकेना.

तो मी होतो. नांदेडच्या कॉलेजातून मदतीला गेलो होतो. हाक ऐकली, वरची भिंत हलली, पळालो. आजवर कुणाला बोललो नाही.

कुणीतरी येऊन निघून गेलं, हे वाक्य पत्रात घेतलं नाही. पाकिटावर तिचं नाव घातलं आणि मोहर दाबली.

४ जुलै
अक्षराची वाचा गेली. तिची मावशी रत्नम्मा तिला घेऊन क्लासवर आल्या. डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणाल्या. अक्षरानं खालचा ओठ उलटून दाखवला. आत लाल, गोल वळ. टोपी. गोंडे. क्रूस.

शिफारसपत्राचं पाकीट अजून धाडलं नव्हतं, ते फोडायला गेलो. दोन दिवसांची लाख अजून गरम होती. चाकू रुतला, पण ती तुटेना.

५ जुलै
मोहर जिलानीचाचांपुढं ठेवली, अक्षराच्या ओठाचं सांगितलं. मग म्हणाले, "लोकांचे कबुलीजबाब बिशपसाब हिनंच बंद करायचे, असं ही मोडीत देणारा बोलला होता. मला खरं वाटलं न्हाई. गुरुजी, ज्यानं लावली त्यालाच पोटातलं बोलावं लागतं. त्या पोरीपुढं, सगळं. तरच लाख सुटते."

६ जुलै
बोललो. पण दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून. माझा एक मित्र होता, तो पळाला — असं. अक्षराची वाचा काही आली नाही.

खोलीवर येईपर्यंत जीभ जड झाली. पाणी प्यायला तोंड उघडेना.

७ जुलै, सकाळ
ओठ चिकटलेत — आत जळतंय — नाकात लाखेचा वास —

रत्नम्मांच्या ओसरीवर. तिच्यासमोरच लिहितोय. अक्षरा, मित्र नव्हता. मीच. तेव्हा तुझी आई जिवंत होती. मी दोन आवाज ऐकले —

तिनं वाचलं. ओठ हलले तिचे. "दोन?" म्हणाली. वाचा आली तिला —

पुन्हा विचारतेय — आई काय म्हणत होती — तेवढं लिहवत नाही — आता नाकही बंद — श्वास —

म्हणत होती, आधी पोरीला काढा, मला